विक्रांतची प्रतिकृती आणि प्रमाणाचा पाठ

आपला जिल्हा समुद्रापासून दूर आहे. मुंबईचा किनारा रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी पाहिलेला सर्वांत मोठा जलाशय म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि त्यात पाहिलेले सर्वांत मोठे जलयान म्हणजे मासेमारांची होडी. असे असूनही याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, तीन डोलकाठ्यांचे एक समुद्रगामी जहाज कोणा चित्रकाराने शेकडो वर्षांपूर्वी भिंतीवर रंगवून ठेवले आहे. जे डोळ्यांसमोर नाही ते समोर आणून दाखविण्याची माणसाची हौस किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते. शिक्षकाचे निम्मे काम तरी याहून वेगळे काय असते?

प्रस्तुत लेखात युद्धनौकेची प्रमाणबद्ध प्रतिकृती कशी करावी व तिच्या आधारे उच्च प्राथमिक वर्गांत गणित, विज्ञान आणि इतिहास यांची सांगड कशी घालावी, याचा विचार करावयाचा आहे. प्रतिकृती सुट्या भागांच्या तयार संचातून जोडलेली असो की वहीच्या पुठ्ठ्यातून कापलेली असो, तिचे शैक्षणिक मोल तिच्या चकाकीत नसून तिच्या मापात आहे, आणि ते माप विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातून घेतले गेले पाहिजे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून काम करण्याचा प्रसंग आला. तेथे एका विद्यार्थ्याने राखी रंगाची, तोफांनी व डोलकाठ्यांनी सजलेली एक सुबक युद्धनौका मांडली होती. ती पाहून मी प्रसन्न झालो व तिला पहिला क्रमांक दिला. निकाल जाहीर झाल्यानंतर सहज कौतुकाने मी त्या मुलाला विचारले, "बाळ, खरे जहाज याच्या किती पट मोठे असते?" मुलगा खाली पाहू लागला. पुन्हा विचारले तेव्हा तो हळूच म्हणाला, "सर, मला हात लावू नाही दिला. मोडंल म्हणून."

ते जहाज मोठ्या माणसांनी तयार केले होते. मुलाचे काम ते उचलून आणण्याचे व त्यापुढे उभे राहण्याचे होते. यात त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. दोष माझा होता, कारण मी प्रश्न निकालानंतर विचारला. तो आधी विचारावयास हवा होता. त्या दिवसापासून प्रतिकृतीपुढे उभे राहताना मी प्रथम तिच्याकडे न पाहता विद्यार्थ्याच्या हातांकडे पाहतो.

नक्कल आणि प्रतिकृती

विद्यार्थ्यांना हा भेद प्रथम स्पष्ट करून द्यावा. त्यासाठी उदाहरण दूर शोधावयास नको. आपल्या शहरातील बीबी का मकबरा पाहून प्रत्येक जण ताजमहालाची आठवण काढतो. परंतु ताजमहालाची प्रत्येक बाजू एकाच संख्येने भागून मकबरा बांधलेला नाही. मिनारांचे मुख्य वास्तूशी असलेले प्रमाण दोन्हीकडे सारखे नाही. म्हणून मकबरा ही ताजमहालासारखी दिसणारी स्वतंत्र वास्तू आहे. ताजमहालाची प्रतिकृती नव्हे. प्रतिकृतीत लांबी, रुंदी, उंची, दारे, खिडक्या, सर्व काही एकाच भाजकाने लहान होते. हा भाजक म्हणजेच प्रमाण. नकाशा शिकविताना आपण हेच सांगतो. फरक एवढाच की, नकाशात उंची हाताला लागत नाही, प्रतिकृतीत ती लागते.

कोणते जहाज निवडावे?

माझी सूचना अशी की, भारतीय नौदलाचे पहिले विमानवाहू जहाज विक्रांत हे निवडावे. त्याचे कारण आधी गणिताचे आहे, मग इतिहासाचे.

या जहाजाची लांबी ७०० फूट होती. जहाजांच्या प्रतिकृतींसाठी जगभर रूढ असलेल्या प्रमाणांपैकी एक १ : ७०० हे आहे. जपानमधील काही उत्पादकांनी १९७१ पासून याच प्रमाणात युद्धनौकांच्या संचांची एक मालिका काढली व ते प्रमाण सर्वत्र पसरले. ७०० फुटांचे जहाज ७०० पट लहान केले की, बरोबर १ फूट होते. म्हणजे विद्यार्थ्याच्या दप्तरातील पट्टीएवढे! भागाकाराचे इतके सुटसुटीत उदाहरण सहसा मिळत नाही.

इतिहासही विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे. हे जहाज इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधावयास घेतले गेले व १९४५ साली पाण्यात उतरले. परंतु युद्ध संपल्यामुळे ते अपुरेच पडून राहिले. भारताने ते १९५७ साली विकत घेतले. बेलफास्ट येथे त्याचे काम पुरे होऊन ४ मार्च १९६१ रोजी ते भारतीय नौदलात दाखल झाले. डिसेंबर १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून त्याच्यावरील सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथील ठिकाणांवर हल्ले चढविले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ते सेवेतून निवृत्त झाले. पुढे काही वर्षे ते मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले होते. पण त्याची निगा राखणे कठीण झाले, आणि २०१४ साली ते विकले जाऊन मोडीत निघाले. आज त्या जहाजाच्या डेकवर कोणालाही पाऊल ठेवता येणार नाही. त्याची मापे, छायाचित्रे, आठवणी आणि प्रतिकृती एवढेच काय ते उरले आहे. तेव्हा जी प्रतिकृती करावयाची ती मापाशी इमान राखून करणे हे आपले कर्तव्य ठरते.

पहिला तास : जमिनीवरचे जहाज

प्रतिकृतीला हात घालण्यापूर्वी विद्यार्थ्यांना खऱ्या जहाजाचा आकार अनुभवास आणून द्यावा. २० मीटर लांबीचा एक दोर घ्यावा. जहाजाची लांबी सुमारे २१३ मीटर व सर्वाधिक रुंदी सुमारे ३९ मीटर. बहुतेक शाळांच्या मैदानात एवढे जहाज मावणार नाही. म्हणून गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर जावे. दोर दहा वेळा टाकून वर १३ मीटर मोजावेत. दोन्ही टोकांस एकेक विद्यार्थी उभा करावा व मध्ये रुंदीच्या दोन्ही कडांवर आणखी दोघे उभे करावेत. पुढच्या टोकाच्या विद्यार्थ्याने मागच्या टोकाच्या विद्यार्थ्यास हाक मारावी. ती कितपत पोहोचते, हे विद्यार्थीच सांगतील. "एवढी लांब वस्तू पाण्यावर तरंगत होती आणि तिच्यावरून विमाने उडत होती," हे वाक्य शिक्षकाने त्या माळावर उभे राहून उच्चारावे. वर्गात उच्चारलेल्या त्याच वाक्यापेक्षा त्याचा परिणाम निराळा होतो.

दुसरा तास : भागाकार

वर्गात परतल्यावर फळ्यावर पुढील मापे लिहून ती ७०० ने भागावयास सांगावीत.

जहाजाची लांबी २१३ मीटर. प्रतिकृतीत सुमारे ३०.५ सेंटिमीटर.
सर्वाधिक रुंदी ३९ मीटर. प्रतिकृतीत सुमारे ५.६ सेंटिमीटर.
पाण्याखालील खोली सुमारे ७.३ मीटर, प्रतिकृतीत १ सेंटिमीटरहून किंचित अधिक.
सी हॉक विमानाची लांबी सुमारे १२ मीटर. प्रतिकृतीत १७ मिलिमीटर.
१६८ सेंटिमीटर उंचीचा खलाशी, प्रतिकृतीत २.४ मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून किंचित मोठा.

याच वेळी आजच्या विक्रांतचीही मापे द्यावीत. कोची येथे बांधलेले हे नवे जहाज २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाले. त्याची लांबी २६२ मीटर व रुंदी ६२ मीटर आहे. १ : ७०० या प्रमाणात ते सुमारे ३७.४ सेंटिमीटर लांब व ८.९ सेंटिमीटर रुंद होईल. दोन्ही आकार एकाच कागदावर काढले असता थोरल्या-धाकट्याचा फरक नजरेत भरतो. प्रमाण एकच असेल तरच तुलना खरी होते, हा नियम विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावा.

तिसरा तास : वजनाचा चकवा

पूर्ण भारासह जुन्या विक्रांतचे वजन सुमारे १९,५०० टन होते. आता विद्यार्थ्यांना विचारावे, प्रतिकृतीचे वजन किती असावे? चुणचुणीत विद्यार्थी लगेच ७०० ने भागतील व उत्तर देतील, सुमारे २८ टन. त्यांना हसू नये. उलट, पट्टीएवढ्या पुठ्ठ्याच्या जहाजाचे वजन भरलेल्या उसाच्या ट्रकएवढे कसे होईल, असे विचारून त्यांना विचारात पडू द्यावे.

मग मातीचे सारख्या आकाराचे आठ चौकोनी ठोकळे घ्यावेत. एका ठोकळ्याच्या दुप्पट बाजूचा ठोकळा रचावयाचा तर दोन नव्हे, आठ ठोकळे लागतात. लांबी दुप्पट झाली की रुंदी व उंचीही दुप्पट होते, म्हणून घनफळ आठपट होते. त्याच न्यायाने आपले जहाज ७०० गुणिले ७०० गुणिले ७०० पट, म्हणजे ३४ कोटी ३० लाख पट हलके असावयास हवे. हिशेब करता उत्तर येते सुमारे ५७ ग्रॅम. बुडीत भागासह केलेली प्रतिकृती मेण लावून जलरोधक केली व तिचे एकूण वजन ५७ ग्रॅमच्या आसपास आणले, तर ती परातीतील पाण्यात जवळपास खऱ्या जहाजाच्या जलरेषेपर्यंतच बुडेल. समुद्राचे खारे पाणी किंचित जड असल्यामुळे आपल्या विहिरीच्या पाण्यात ती केसभर अधिक बुडेल, इतकेच. हा प्रयोग मी वर्गात करून पाहिला आहे. एरवी गणिताच्या तासाला मागच्या बाकावर पेंगणारे विद्यार्थी त्या दिवशी परातीभोवती पुढे सरकले होते.

प्रत्यक्ष बांधणी

शाळेजवळ किंवा केंद्राजवळ प्लास्टिकचा तयार संच असल्यास त्यातील सुटे भाग एका चौकटीस जोडलेले आढळतील. प्रथम सूचनापत्रक अखेरपर्यंत वाचावे. भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवावेत. साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा राहिल्यास रंग धरत नाही. भाग चौकटीतून पिळून तोडू नये. बारीक कात्रीने किंवा कटरने सोडवावा व उरलेला खुंट कानशीने अगर पॉलिशपेपरने घासावा. डिंक लावण्यापूर्वी प्रत्येक भाग कोरडाच जुळवून पाहावा. प्लास्टिकचा विशिष्ट डिंक पृष्ठभाग विरघळवून सांधा करतो, म्हणून तो थेंबाने लावावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कटरचे काम शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे.

संच नसल्यास खंत करू नये. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, फेविकॉल, पट्टी व कात्री एवढ्या साहित्यात काम भागते. वरचा डेक ३०.५ सेंटिमीटर लांबीचा कापावा. त्याखालील धड डेकहून अरुंद आहे. त्याची रुंदी समोरून घेतलेल्या छायाचित्रावर पट्टी ठेवून डेकच्या रुंदीच्या प्रमाणात काढावी. हे गुणोत्तराचे उत्तम उदाहरण होईल. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून धड तयार करावे व पुढची नाळ निमुळती घासून घ्यावी. उजव्या कडेवरील मनोऱ्यासारखी इमारत निराळी करून शेवटी बसवावी. ज्या जागी नंतर कुंचला पोहोचणार नाही ती जागा आधी रंगवावी.

बारकावे : किती व कोणते?

येथेच पुष्कळांची चूक होते. अधिक बारकावे म्हणजे अधिक चांगली प्रतिकृती, असा समज आहे. प्रत्येक बारकाव्याला ७०० ने गुणून पाहावे, म्हणजे समज दूर होतो. कठडा म्हणून १ मिलिमीटर जाडीची दोरी लावली, तर खऱ्या जहाजावर तो ७० सेंटिमीटर जाडीचा कठडा झाला! खलाशी त्याला धरणार कसा? शिवणाचा बारीक धागाही या प्रमाणात जाड दोरखंड ठरतो. म्हणून कुशल कारागीर पितळेच्या अतिशय पातळ पत्र्यातून कोरलेले कठडे वापरतात, किंवा प्लास्टिकची काडी ऊब देऊन ओढून केसासारखा तंतू काढतात. विद्यार्थ्यांनी हे करावयाचे नाही. जो बारकावा मापात बसविता येत नाही तो सोडून द्यावा. तो कागदावर लिहून ठेवावा, पण खोटा लावू नये. रंगाचा थरही पातळ असावा, कारण थराची दहावा भाग मिलिमीटर जाडी म्हणजे खऱ्या जहाजावर ७ सेंटिमीटर.

रंगाच्या छटेविषयी एक सूचना. १ : ७०० ची प्रतिकृती एका फुटावरून पाहणे म्हणजे खरे जहाज ७०० फुटांवरून पाहणे होय. देवगिरीचा डोंगर दुरून जसा फिका दिसतो, तसेच दूरचे जहाजही फिके दिसते. म्हणून राखी रंगात थोडा पांढरा मिसळावा.

वर्षाचा प्रश्न

प्रतिकृती कोणत्या वर्षीच्या जहाजाची, हे आधी ठरविल्याखेरीज बारकाव्यांना हात लावू नये. १९७१ च्या विक्रांतचे पुढचे टोक सपाट होते व वाफेच्या जोरावर विमान पुढे फेकणारी यंत्रणा त्यावर होती. १९८० च्या दशकात सी हॅरियर विमाने आली; त्याच दशकाच्या अखेरीस त्या टोकाशी चढ बांधला गेला व ती जुनी यंत्रणा काढण्यात आली. म्हणून चढ असलेल्या डेकवर सी हॉक उभे करणे ही इतिहासाची चूक होईल. ध्वजाचेही तसेच. १९७१ मध्ये नौदलाच्या पांढऱ्या ध्वजावर तांबडा क्रूस व कोपऱ्यात तिरंगा होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेल्या अष्टकोनाचा ध्वज २०२२ साली आला. तो आपल्याला कितीही प्रिय असला, तरी १९७१ च्या जहाजावर तो लावता येणार नाही. भूतकाळ आपल्या आवडीप्रमाणे रंगवावयाचा नसतो, हा इतिहासाच्या अभ्यासातला पहिला धडा विद्यार्थ्यांना येथे बोटभर ध्वजावरून शिकविता येतो.

मूल्यमापन

प्रदर्शनात व वर्गात प्रतिकृतीचे गुण देण्यापूर्वी विद्यार्थ्यास चार प्रश्न विचारावेत, अशी सर्व शिक्षकबंधुभगिनींना व केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे. प्रमाण कोणते? कोणते माप तू स्वतः काढलेस व कसे? ही वस्तू कोणत्या वर्षीची? आणि करताना काय चुकले, काय मोडले व ते तू कसे सुधारलेस? शेवटच्या प्रश्नास सर्वांत अधिक गुण असावेत. ज्याच्या हातून काहीच मोडले नाही, त्याच्या हाताला बहुधा काही लावू दिलेलेच नसते.

पालक व शिक्षक यांनी साहाय्य करू नये, असा याचा अर्थ नव्हे. कटर शिक्षकाने धरावा, सांधा जुळेपर्यंत पालकाने भाग धरून ठेवावा. परंतु माप, भागाकार व निर्णय विद्यार्थ्याचा असावा. अशा प्रतिकृतीची नाळ थोडी वाकडी होईल, डेकवर बोटाचे ठसे उमटतील. ती तशीच प्रदर्शनात मांडावी.

त्या प्रदर्शनातील मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्या घरी ती सुबक नौका कदाचित अजून न मोडता उभी असेल. परंतु तिच्या वाट्याची लांबी त्याने मोजली नाही, आणि मी पहिला क्रमांक दिल्यामुळे, ती मोजण्याची काही गरज आहे असेही त्याला वाटले नसेल. आपल्या वर्गातील विद्यार्थ्याच्या हाती पुठ्ठा द्यावा, पट्टी द्यावी आणि सांगावे, मोडले तर मोडू दे, आपण पुन्हा मोजू.